मोकळा हात

"शिकायचंच असेल तर दुसऱ्या कुणाकडनं शिक," तव्यावरची भाकरी उलटवत नागव्वा म्हणाल्या. "त्या धुळाप्पाचा डावा हात बघितलास का कधी?"

महानंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. एका हातात गाडीची किल्ली, दुसऱ्या हाताला लोंबकळणारी अडीच वर्षांची गिरिजा. बाहेर अंगणात धुळाप्पा ड्रायव्हर अंबॅसडरची पुढची काच पुसत होता.

"बघितलाय की, आत्याबाई. हातासारखा हात आहे."

"नीट बघ."

"वीस वर्षं गाडी चालवतोय तो. हातात खोट असती तर चालवली असती का?"

नागव्वांनी भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्यासमोर उभी केली. सुनेनं गाडी शिकू नये असं सरळ म्हणता येत नाही, म्हणून सासूबाईंनी ड्रायव्हरचा हात पुढं केला, असं महानंदाला वाटलं. ती मनातल्या मनात हसलीसुद्धा. मग गिरिजाला उचलून गाडीकडे गेली.

शिकायचं तिनं चैत्रात ठरवलं होतं. भर दुपारी गिरिजाला ताप चढला आणि बघता बघता पोरीचे डोळे फिरले, अंग ताठ झालं. नवरा, चन्नवीर, चादरींच्या विक्रीसाठी गुलबर्ग्याला. धुळाप्पा रजा घेऊन मंगळवेढ्याकडच्या त्याच्या वस्तीवर. गाडी अंगणात उभी, किल्ली खिळ्याला, आणि महानंदा ताठ झालेलं लेकरू छातीशी धरून भर उन्हात रस्त्यावर. टांगा मिळेपर्यंत दहा-बारा मिनिटं गेली असतील. तापात येतात असे झटके, मोठी झाली की जातील, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून ती दिवसातून वीसदा पोरीच्या कपाळाला हात लावून बघायची. बी.एस्सी. झालेली बाई, घरात थर्मामीटर असलेली. पण हातच लावायची.

सकाळी सातला होम मैदानावर शिकवणी चाले. महानंदा गाडी चालवायची, धुळाप्पा शेजारी, गिरिजा दोघांच्या मधे. अगदी पहिल्या दिवशी मात्र तो स्वतः स्टिअरिंगवर बसला होता आणि तिनं नुसतं बघायचं होतं.

"ह्ये बघा वैनी. बोटानं धरायचं न्हाई. तळवा टेकवायचा, अस्सा." त्यानं उजवा तळवा चाकाच्या वरच्या कडेला टेकवला, जरा दाबला आणि गोल फिरवला. एवढी मोठी गाडी गाईसारखी वळली. "बोटानं धरलं की मनगट अडकतंय. तळव्याला मनगट न्हाई."

"आणि गिअर?"

गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला होता. धुळाप्पानं उजवा गुडघा वर घेऊन चाकाला खालून टेकवला, उजवाच हात चाकावरून पलीकडे नेला, दांडा खाली ओढला आणि हात परत जागेवर. गाडी तसूभर इकडची तिकडं झाली नाही.

"बाई गं!" महानंदा म्हणाली.

"गुडगा म्हंजे तिसरा हात, वैनी."

"मग दुसऱ्या हाताचं काय?"

धुळाप्पानं नजर समोर मैदानाकडे वळवली. त्याचा डावा हात मांडीवर उताणा पडला होता, बोटं अर्धी मिटलेली.

"एक हात मोकळा ऱ्हावा मानसाचा. बाजूला लेकरू असतंय तुमच्या. गचका बसला तर धराया नगं?"

ते तिला इतकं पटलं की तिनं पुन्हा विचारलंच नाही. चैत्रातल्या त्या दुपारनंतर तिच्यासाठी कुणी नेमका विचार केला होता तो ह्या माणसानं, असं तिला वाटलं. वीस दिवसांत ती तळव्यानं गाडी वळवायला लागली. उजवीकडे वळायचं तर उजवा हात खिडकीतून सरळ बाहेर, डावीकडे वळायचं तर तोच हात बाहेर काढून गोल फिरवायचा, आणि तेवढा वेळ चाक गुडघ्यावर. गिरिजा तिच्या डाव्या कुशीला टेकून झोपायची. चन्नवीर परत आला त्या दिवशी तिनं त्याला सात रस्त्यापर्यंत फिरवून आणलं.

"अगं, सर्कशीतली बाई आहेस की काय तू!" तो म्हणाला. तो स्वतः गाडी चालवत नसे. त्याला ते कौतुकच वाटलं.

मे महिन्यातल्या एका सकाळी त्यांना परतायला अकरा वाजले. अंगणात गाडी लावून धुळाप्पा उतरला आणि उद्या तेल बदलायचंय, असं काही सांगत राहिला. बोलताना त्याचा डावा हात बॉनेटवर टेकलेला होता. गिरिजानं ते बघितलं. त्याच्यासारखंच आपणही टेकवावं म्हणून तिनं टाचा उंचावून बॉनेटवर तळवा ठेवला आणि किंचाळली.

महानंदानं धावत जाऊन पोरीचा तळवा तोंडाजवळ धरला, फुंकर घातली. लालेलाल झाला होता. धुळाप्पाही घाबरला, उजव्या हातानं त्यानं गिरिजाला कडेवर घेतलं आणि नळाकडे पळाला. त्याचा डावा हात मघापासून त्याच तापलेल्या बॉनेटवर होता, हे महानंदाच्या लक्षात आलं होतं. पण ड्रायव्हर लोकांचे हात राठ होतात, असं तिनं स्वतःलाच सांगितलं. नागव्वा ओसरीवरून बघत होत्या. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "हळद लाव गं, पोरीला. आणि त्यालाही लाव म्हणावं."

"त्याला कशाला?"

नागव्वा आत निघून गेल्या.

लायसन्सच्या परीक्षेला बायका दोनच होत्या. दुसरी कुणा डॉक्टरची बायको, काळा चष्मा घातलेली. महानंदानं गिरिजाला धुळाप्पाकडे दिलं आणि मैदानाच्या कडेच्या लिंबाखाली थांबायला सांगितलं. इन्स्पेक्टर शेजारी येऊन बसले. जाडजूड, पानाचा वास येणारे, स्वभावानं बरे दिसले.

"चला, बाई. सरळ घ्या."

तिनं गाडी सरळ घेतली. पहिला गिअर, दुसरा. इन्स्पेक्टरांनी एकदा तिच्या गुडघ्याकडे बघितलं, एकदा तिच्या तोंडाकडे.

"हं. आता डावीकडे. सिग्नल द्या."

महानंदानं गुडघा वर घेतला, उजवा हात बाहेर काढला आणि ऐटीत गोल फिरवला.

"अहो! अहो बाई! थांबा! ब्रेक!"

गाडी थांबली. इन्स्पेक्टरांचा हात डॅशबोर्डवर घट्ट टेकला होता.

"चाक कुणी धरलं होतं?"

"गुडघ्यानं," ती म्हणाली. "असंच धरतात ना?"

"कोण धरतं?" ते क्षणभर हसले, मग हसायचे थांबले. आवाज जरा खाली आणून त्यांनी विचारलं, "डाव्या हाताला काही झालंय का तुमच्या? तसं असेल तर सांगा, त्याचा अर्ज वेगळा असतो."

महानंदानं खाली बघितलं.

तिचा डावा हात मांडीवर होता. उताणा. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलेलं, अंगठा बाजूला पडलेला. असा हात ठेवायला तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिनं बोटं सरळ केली. ती लगेच झाली. पुन्हा मिटली, पुन्हा सरळ केली.

"काही झालेलं नाही," ती म्हणाली.

"मग वापरा की! देवानं दोन दिलेत." त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. "महिन्याभरानं या. आणि शिकवणारा बदला, बाई. हा कोण शिकवतो तुम्हाला, एका हाताचा?"

ती उतरली. लिंबाखाली धुळाप्पा उभा होता. गिरिजा त्याच्या उजव्या कडेवर. कायमच उजव्या कडेवर असे. डावा हात खाली लोंबत होता आणि त्याची दोन बोटं आत वळलेली होती. तळव्याच्या कडेला मोठा फोड आला होता, फुटलेला, त्याच्यावर धूळ बसलेली. आठ दिवस झाले असतील बॉनेटवर हात टेकल्याला. त्यानं तो बांधलाही नव्हता.

"झाली का पास, वैनी?"

महानंदानं पोर त्याच्याकडून घेतली. घेतली म्हणण्यापेक्षा ओढली. गिरिजा रडायला लागली. एरवी महानंदा पुढं बसायची. त्या दिवशी मागं बसली, पोरीला घट्ट धरून. वरच्या आरशात धुळाप्पाचे डोळे दोनदा दिसले. दोन्ही वेळा तिनं खिडकीबाहेर बघितलं.

घरी येताच तिनं गिरिजाला डेटॉलच्या पाण्यानं अंघोळ घातली. एकदा घातली, मग थांबून पुन्हा घातली. फ्रॉक उकळत्या पाण्यात टाकला. महारोग कसा होतो, ते जंतू किती हळू वाढतात, दहांतल्या नऊ माणसांना तो होतच नाही, हे सगळं तिनं एकदा परीक्षेत लिहिलं होतं आणि त्याला मार्कही मिळाले होते. ते उत्तर तिला अजून पाठ होतं. ते मनात म्हणत म्हणतच ती पोरीचे हात ब्रशनं घासत होती. गिरिजा ओरडली, "आई, दुखतंय!" तेव्हा तिनं ब्रश खाली ठेवला आणि न्हाणीघराच्या दगडावर तशीच ओली बसून राहिली.

दुपारी वरणात तिनं दोनदा मीठ घातलं. नागव्वा एक घास खाऊन म्हणाल्या, "परीक्षेत काय झालं?"

"नापास."

"बरं," नागव्वा म्हणाल्या आणि वरणात पाणी ओतून घेतलं.

दुसऱ्या दिवशी चहा तिनं स्वतः बाहेर नेला. काचेचा ग्लास, काठोकाठ, नुकता उकळलेला. पदराच्या टोकातूनही बोटं भाजत होती. धुळाप्पानं उजवा हात पुढं केला. त्या हातात ओलं फडकं होतं. तिनं ग्लास डावीकडे धरला.

आपण काय करतोय हे तिला कळत होतं.

त्यानं डाव्या हातानं घेतला. बोटांत नाही, तळवा आणि अंगठा यांच्या मधे, फळी धरावी तसा. आणि उभा राहिला. चहातून वाफ येत होती. महानंदानं मनात पाचपर्यंत मोजलं, मग दहापर्यंत, आणि मग तिलाच राहवेना.

"गरम नाही का लागत, धुळाप्पा?"

त्यानं ग्लासाकडे बघितलं. मग तिच्या पदराच्या टोकाकडे बघितलं. हळूच वाकून ग्लास पायरीवर ठेवला.

"लागत न्हाय, वैनी."

"कधीपासून?"

"दुष्काळाच्या सालापास्नं. मेंढरं इकली तवा. आदी वाटलं, काम करून बधिर झालाय."

"दाखवलं नाही कुणाला?"

"दावलं की. सरकारी गोळ्या दिल्या. सा म्हयने खाल्ल्या बी. मग त्यो गोळ्यावाला सायकलीवर वस्तीवर याया लागला. त्येची सायकल दारात लागली की समद्यास्नी कळतंय, रगतपितीचं घर म्हनून. केराबाई म्हनली, लेकीची सोयरीक मोडंल. सोडल्या गोळ्या." केराबाई त्याची बायको. "लेकीचं लगीन झालं, वैनी. माघी पुनवंला झालं."

"आता तरी घ्यायच्या."

"घ्यायच्या की. पन हितं शेरात मालकांची गाडी चालवतोय मी. दवाखान्याच्या रांगेत कुनी बघितलं तर?"

अंगणात दोरीवर गिरिजाचा उकळलेला फ्रॉक वाळत होता. रंग गेला होता त्याचा. धुळाप्पानं तिकडे बघितलं. काल संध्याकाळपासूनच बघितला असणार.

"मालकास्नी सांगायचं तर सांगा," तो म्हणाला. "तुमी आई हाय लेकराच्या. माजं काय म्हननं न्हाय."

त्यानं 'सांगू नका' म्हटलं असतं तर तिला सोपं गेलं असतं. सांगायचं की नाही, एवढंच मग ठरवायचं उरलं असतं. तिनं "बघते" म्हटलं आणि आत आली. काय बघणार, हे तिला माहीत नव्हतं.

तीन दिवस ती काहीच ठरवू शकली नाही. कधी वाटायचं, आपणच त्याला दवाखान्यात न्यावं, रांगेत आपण उभं राहावं. कधी वाटायचं, आधी चन्नवीरला सांगावं. मग वाटायचं, सांगितलं की तो त्याच दिवशी धुळाप्पाला काढणार. वाईट म्हणून नाही, बाप म्हणून. हैदराबादहून चन्नवीरचा ट्रंककॉल आला.

"काय, मिळालं का लायसन्स?"

"नाही."

"का गं? तू तर एका हातानं चालवतेस!"

"म्हणूनच," ती म्हणाली. तो हसला. पुढं काही सांगायच्या आत कॉलची तीन मिनिटं संपली.

चौथ्या दिवशी सकाळी ती ओसरीवर गहू निवडत होती. धुळाप्पा फाटकातून आत आला. गिरिजा नेहमीसारखी दोन्ही हात वर करून त्याच्याकडे धावली.

"गिरिजा! इकडं ये आधी!"

तो आवाज आपला आहे हे महानंदाला ओळखू आलं नाही. पोर जागच्या जागी थांबली. धुळाप्पाही थांबला. त्यानं दोन्ही हात पाठीमागं घेतले. चांगला उजवा हातसुद्धा.

"जा की, आई बोलावतीया," तो पोरीला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. किल्ली खिळ्याला टांगलेली होती आणि गाडी धुऊन पुसून लख्ख उभी होती. कधी येऊन गेला, कुणाला कळलं नाही.

महानंदा स्वयंपाकघरात गेली. नागव्वा पिठाची परात पुढं घेऊन बसल्या होत्या.

"धुळाप्पा गेला, आत्याबाई."

"जाणारच की."

"तुम्हाला..." ती परातीसमोर बसली. "तुम्हाला माहीत होतं?"

"दोन वर्षं झाली." नागव्वांनी पिठात पाणी ओतलं. "माझ्या भावाची बोटं अशीच वळली होती. मैंदर्गीला मळ्यात झोपडी बांधून दिली होती त्याला. भाकरी लांबनं ठेवायची आणि हाक मारून परत फिरायचं. मीच ठेवायची. तेव्हा गोळ्या कुठं होत्या? ह्याला मी म्हटलं, बाबा, तुला गोळ्या आहेत, घे. घेतो म्हणाला."

"आणि गिरिजाला त्याच्याकडं देत होतात?"

"उजव्या कडेवर घे म्हणून सांगितलं होतं." पिठातले हात तसेच राहिले. "माझंही चुकलं असेल, यव्वा. मला काय कळतंय, मी काय तुझ्यासारखी शिकलेली."

"मग मला स्पष्ट सांगायचं होतं ना! त्याच्याकडनं शिकू नको म्हणालात, हात बघ म्हणालात. नीट सांगितलं असतं तर मी त्याच्याजवळ पोरीला..."

नागव्वांनी मान वर केली. त्यांना खरंच समजलं नव्हतं असं वाटलं.

"पोरीसाठी नव्हतं सांगितलं मी," त्या म्हणाल्या. "त्याच्यासाठी सांगायलते. तो एका हातानं चालवतो ते कोण बघतंय? ड्रायव्हरकडं कोण बघतंय? पण त्याच्याकडनं शिकलीस की तूही तश्शीच चालवणार. आणि तुझ्याकडं चार लोक बघणार. तुझ्या हातात त्याचा हात दिसणार, एवढंच मला कळत होतं."

परातीतलं पीठ सैल झालं होतं. नागव्वांनी त्यात मूठभर पीठ घातलं आणि मळायला लागल्या.

महानंदा अंगणात गेली. गाडीचं दार उघडून आत बसली. स्टिअरिंगच्या चाकाला डाव्या बाजूला, घड्याळात नऊ असतात तिथं, मेंढीच्या लोकरीचा काळा दोरा गुंडाळलेला होता. चार बोटं मावतील एवढ्या रुंदीचा, पक्का, एकही वेढा दुसऱ्यावर न चढू देता. एका हातानं त्याला किती वेळ लागला असेल? सुरुवातीचं टोक दातांत धरलं असणार. तिनं डावा हात त्याच्यावर ठेवला. बरोबर बसला.

महिन्याभरानं ती पास झाली. इन्स्पेक्टरांनी दोऱ्याकडे बघून विचारलं, हे काय? तिनं सांगितलं, हात इथं ठेवायचा, विसरू नये म्हणून. चन्नवीरला तिनं सांगितलं, धुळाप्पाला गावाकडं काम निघालं. एवढंच सांगितलं, आणि ते खरं की खोटं हे तिचं तिलाही ठरवता आलं नाही. धुळाप्पाला तिनं कार्ड टाकलं, उत्तर आलं नाही. त्याला वाचता येत नव्हतं. दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागणार म्हणून तिनं कार्डात कामाचं काहीच लिहिलं नव्हतं. श्रावणात एकदा ती गिरिजाला शेजारी घेऊन मंगळवेढ्याच्या रस्त्याला निघाली, अर्ध्या वाटेवर कामतीपर्यंत गेली. तिथं गाडी थांबवून गिरिजाच्या कपाळाला हात लावून बघितला, जरा कोमट वाटलं, आणि परत फिरली. घरी थर्मामीटर लावला तर ताप नव्हता.

आता मंगळवेढ्याकडून कुणी आलं की ती विचारते. आलेला माणूस त्या वस्तीकडचा नसतो, किंवा नाही म्हणतो.

तुमचं जर त्या बाजूला जाणं झालं, तर मंगळवेढ्याच्या अलीकडे चार कोसांवर रस्त्याच्या उजव्या अंगाला धनगरांची वस्ती आहे. केराबाईचं घर विचारा, धुळाप्पाचं विचारू नका. सायकलवरून जाणार असाल तर ती दारात लावू नका, लांब बाभळीला लावून चालत जा. चहा दिला तर प्या. त्याचा डावा हात बघा, पण त्याला कळेल असा बघू नका. आणि निघताना, कुणी जवळ नसलं तर, गोळ्या चालू आहेत का, तेवढं विचारून या.